पहिल्या दाबाला पेडल खाली, तिसऱ्याला वर: जुन्या एमजीबीच्या ब्रेकबद्दल

भाऊ, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मूर्तिजापूरकडच्या खेड्यात, कोठ्याशेजारच्या टिनाच्या शेडमध्ये मोठ्या काकांची एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, आठ वर्षं उभी होती. ती तुम्ही चालू केली, मागचे ब्रेक शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे तुकडे) नवे बसवले, ब्रेक ऑइल बदललं आणि आईला पेडलवर बसवून चारही चाकांकडच्या ब्रेक पाइपांतली हवा काढली. एकदा नाही, चारदा. दीड लिटर ऑइल संपलं. तरी पहिल्या दाबाला पेडल जवळजवळ फ्लोअरला टेकतं, दोन-तीन पंप मारले की वर येतं, आणि मिनिटभर पाय काढला की पुन्हा खाली. तुम्हाला वाटतं कुठेतरी हवा अडकली आहे. आता व्हॅक्यूम पंप मागवू, की डॉट ५ ऑइल टाकून बघू, असं विचारलंय.

दोन्हींचे पैसे सध्या खिशातच ठेवा. चारदा काढूनही जी हवा निघत नाही, ती बहुतेक तिथे नसतेच. मला उत्तर तुमच्याच एका वाक्यात दिसतं: ‘मागचे शू नवे बसवले’. ते बसवल्यावर ॲडजस्ट केले का, याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही.

माझं गॅरेज यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी आहे. एकतीस वर्षं हेच काम. आधी फियाट, अम्बॅसडर, मॅटाडोर, महिंद्राच्या जीपा. गेली बारा-तेरा वर्षं नागपूर-अमरावतीच्या हौशी लोकांच्या जुन्या गाड्याही येतात, त्यात एमजी आहेत, हेराल्ड आहेत. तुमची गाडी मी पाहिलेली नाही, त्यामुळे काही गोष्टी तुम्हालाच बघाव्या लागतील. गाडी कोणत्या सालची हे तुम्ही लिहिलं नाही. एमजीबी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं बनली. पुढे डिस्क आणि मागे ड्रम हे सगळ्यांत सारखं, पण सुरुवातीच्या गाड्यांना ब्रेकचं एकच सर्किट, म्हणजे चारही चाकांना ऑइलची एकच वाट, असायची. अमेरिकेत जाणाऱ्या गाड्यांना १९६८ च्या मॉडेलपासून दोन सर्किटं आली. काहींना बूस्टर (व्हॅक्यूमवर पायाचा जोर वाढवणारा भाग) असतो, काहींना नसतो. तुमची गाडी एका सर्किटची असेल तर हे काम आणखी जपून करा. एक पाइप किंवा एक रबर गेलं की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात, आणि हाती फक्त हँडब्रेक उरतो.

आता पेडल काय सांगतं ते आधी ऐकू. पाना उचलायच्या आधी मी गिऱ्हाइकाच्या गाडीत बसतो आणि दहा मिनिटं नुसतं पेडल दाबतो. पेडलच्या तक्रारी बाहेरून सारख्या दिसतात, पायाला मात्र वेगळ्या लागतात. चेंडूवर पाय ठेवल्यासारखं लागलं, दाबत गेलं तसं आत जात राहिलं आणि सोडलं की उसळून वर आलं, तर आत हवा आहे किंवा रबरी होज पाइप जुना होऊन फुगतो आहे. पेडल वर, घट्ट, पण त्यावर पायाचा भार धरून ठेवला की मुंगीच्या चालीने खाली सरकत गेलं, तर एकतर कुठे गळती आहे, नाहीतर मास्टर सिलेंडरच्या, म्हणजे पेडलच्या दाबाने ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या सिलेंडरच्या, आतलं रबर ऑइल मागे सोडतं आहे. आणि पहिल्या दाबाला खोल, दुसऱ्या-तिसऱ्याला वर, आणि वर आल्यावर दगडासारखं कडक, तर ऑइल जागच्या जागी आहे, फक्त चाकाकडे शू आणि ड्रममधलं अंतर जास्त आहे. पहिला पंप ते अंतर भरण्यातच संपतो.

तुम्ही लिहिलंय ‘वर येतं’. वर आल्यावर ते दगडासारखं लागतं की चेंडूसारखं, हे लिहिलं नाही. सगळा निवाडा त्यावरच आहे. हवा असली तरी पंप मारल्यावर पेडल थोडं वर येतंच, पण त्यातली उसळी जात नाही.

अंतराने एवढा फरक कसा पडतो, याचा हिशेब एकदा मांडून बघा. समजा मास्टर सिलेंडरचा बोअर पाऊण इंच, म्हणजे १९ मिलिमीटर आहे. एका पूर्ण दाबात पिस्टन ३० मिलिमीटर सरकला, तर पुढे ढकललं जाणारं ऑइल साडेआठ मिलिलिटर. चहाचे दोन चमचेसुद्धा भरत नाहीत! चारही चाकं एवढ्याशा तेलावर थांबतात. आता मागच्या ड्रममध्ये प्रत्येक शू गरजेपेक्षा दोन मिलिमीटर लांब आहे असं धरा. शू ढकलणाऱ्या, चाकातल्या व्हील सिलेंडरचा बोअर २० मिलिमीटर धरला, तर एका चाकाचे दोन शू तेवढे सरकवायला सव्वा मिलिलिटर लागतं, दोन चाकांना अडीच. म्हणजे शू ड्रमला टेकण्याआधीच तुमच्या साडेआठातलं अडीच गेलं. पेडलच्या तरफेचा गुणक चार-पाच असतो, त्यामुळे पायाखाली हाच फरक दीड इंचाच्या आसपास जाणवतो. तुमच्या गाडीचे आकडे थोडे इकडेतिकडे असतील, गणित हेच राहील. या दीड इंचासाठी लोक लिटर-दीड लिटर ऑइल जमिनीत घालवतात.

पहिली परीक्षा फुकटची आहे, गाडी उचलायचीही गरज नाही. सपाटीवर गाडी उभी करा, हँडब्रेक पूर्ण सोडा, पेडल दाबून कुठपर्यंत जातं ते बघून ठेवा. मग हँडब्रेक जोरात ओढा आणि पुन्हा दाबा. एमजीबीचा हँडब्रेक मागच्याच शूंना ड्रमवर दाबतो, म्हणजे मागचं अंतर त्याने हातानेच भरून निघतं. हँडब्रेक ओढल्यावर पहिल्याच दाबाला पेडल वर आलं, तर दोष मागच्या ॲडजस्टमेंटमध्ये आहे, आणि कितीही ब्लीडिंग केलं, म्हणजे हवा काढली, तरी तो जाणार नाही. पेडलमध्ये काहीच फरक पडला नाही, तरच पुढच्या शोधाला लागा.

माझा अंदाज आहे की फरक पडेल. मग मागची चाकं ॲडजस्ट करा. एमजीबीत हे काम हाताने करावं लागतं. आजच्या गाड्यांसारखं आपोआप होत नाही. मागच्या ब्रेकप्लेटवर, आतल्या बाजूने, चौकोनी डोक्याचा एक छोटा ॲडजस्टर असतो. आठ वर्षं उभ्या गाडीचा तो जाम झालेला असणार. आदल्या संध्याकाळी गंज सोडवायचं तेल टाकून ठेवा आणि चौकोनी तोंडाच्या पान्यानेच फिरवा. पकडीने धरला तर चारही कोपरे घासून गोल होतात, आणि मग तो फिरवायला काही उपाय उरत नाही. सगळ्यात आधी हँडब्रेकची केबल ढिली करा. केबल ताणलेली राहिली तर शू अर्धवट उघडलेल्या जागीच अडकतात आणि ॲडजस्टर तुम्हाला खोटं सांगतो. मग चाक हाताने फिरवत ॲडजस्टर आवळत जा, चाक जाम होईपर्यंत. तिथे थांबून एकदा पेडल जोरात दाबा, म्हणजे नवे शू ड्रममध्ये मधोमध बसतात. मग ॲडजस्टर एक-दोन टक मागे घ्या, चाक मोकळं फिरेल आणि कुठेतरी हलकीशी खसखस ऐकू येईल इतकं. दोन्ही चाकं झाली की शेवटी केबल जुळवा. नवे शू ड्रमच्या गोलाईत पूर्ण बसायला थोडं धावावं लागतं, म्हणून दोनशे-तीनशे किलोमीटर झाल्यावर हे सगळं पुन्हा एकदा करावं लागेल.

गाडी उचलण्याबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो. आपल्याकडची जमीन काळी, कापसाची. वरून वाळलेली दिसते, पण आत ओल धरून असते, आणि पावसाळ्यानंतर तर जॅक हळूहळू रुतत जातो. अंगण कितीही चोपून सारवलेलं असलं तरी त्याच्यावर नुसता जॅक लावू नका. खाली शहाबादी फरशीचा जाड तुकडा किंवा सागाची फळी टाका, ॲक्सलखाली लोखंडी स्टँड द्या, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, आणि खाली शिरण्याआधी गाडी हाताने हलवून बघा. विटांवर गाडी ठेवू नका. वीट तडकताना आधी आवाज देत नाही.

ड्रम उघडावाच लागला तर आतली काळी भुकटी कॉम्प्रेसरने उडवू नका, फुंकरही मारू नका. काकांच्या काळातल्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचा आणि ती धूळ फुप्फुसात गेली की तिथेच राहते. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. मी पहिली दहा-बारा वर्षं हवेनेच ड्रम साफ करत होतो. कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगतो.

ॲडजस्टमेंट करूनही पेडल चेंडूसारखंच राहिलं, तर दोष कुठे आहे ते तुकड्या-तुकड्याने शोधायचं. एमजीबीत तीन रबरी होज आहेत: पुढे दोन, आणि मागे ॲक्सलसाठी एक. गुळगुळीत तोंडाच्या होज क्लॅम्पने तिन्ही होज हलकेच दाबून बंद करा आणि पेडल दाबा. आता मास्टर सिलेंडरपुढे जायला ऑइलला वाटच नाही. तरीही पेडल खाली गेलं किंवा मऊ लागलं, तर दोष मास्टर सिलेंडरमध्ये किंवा त्याच्या लगतच्या पाइपात. पेडल दगडासारखं झालं, तर मास्टर ठीक. मग एकेक क्लॅम्प सोडत पेडल दाबा. जो सोडल्यावर पेडल खाली जाईल, त्या होजपुढच्या चाकावर तुमचा दोष सापडला. हे वीस मिनिटांचं काम मी प्रत्येक अडलेल्या गाडीवर करतो, कारण त्यानंतर अंदाज बांधावा लागत नाही. एक अट आहे. होज जुने, भेगाळलेले असतील तर ही परीक्षा त्यांना शेवटची ठरू शकते; आतलं रबर सुटून नंतर वाट अडवतं आणि ब्रेक धरून राहतो. काकांच्या वेळचेच होज असतील तर तिन्ही नवे घ्या आणि सांध्यावर तांब्याचे वॉशर असतील तिथे तेही नवे टाका. आठ वर्षं उभ्या गाडीला होज बदलावेच लागतात असं मी मानतो.

पुढचं एखादं चाक दोषी निघालं तर कॅलिपरवरचा (पॅडने डिस्क धरणाऱ्या भागावरचा) ब्लीडर निपल, म्हणजे हवा काढायचं तोंड, कुठे आहे ते आधी डोळ्याने बघा. तो वरच्या अंगाला असायलाच हवा. हवा वर चढते, म्हणून तिची वाट वरच असावी लागते. पाच-सहा वर्षांपूर्वी माझ्याकडे एक जुनी गाडी टो करून आली होती. मालकाने दुसरीकडे पुढचे कॅलिपर दुरुस्त करून घेतले होते, आणि बसवताना डावा उजवीकडे, उजवा डावीकडे गेला होता. बोल्ट अगदी बरोबर बसले, डिस्कही बरोबर, पण निपल खाली तोंड करून. तिथून स्वच्छ, बिनबुडबुड्याचं ऑइल हवं तितकं निघत होतं आणि वर चमचाभर हवा आरामात बसून होती. मालक तीन रविवार हवा काढत होता. कॅलिपर जागच्या जागी अदलाबदल केले आणि पहिल्याच फेरीत पेडल वर आलं. तुम्ही कॅलिपर काढले होते की नाही हे लिहिलेलं नाही, म्हणून खास बघायला सांगतो. त्याच वेळी पुढचं चाक वर-खाली धरून हलवून बघा. बेअरिंग ढिलं असेल तर डिस्क डुलते, चालत्या गाडीत पॅड मागे ढकलले जातात, आणि पुढच्या वेळी पहिला दाब पुन्हा खोल जातो.

आता हवा काढण्याचं बघू. होज बदलले किंवा सांधा उघडला की हे करावंच लागणार, तर एकदाच आणि नीट करा. बॉनेट उघडलं की एमजीबीत दोन मास्टर सिलेंडर शेजारीशेजारी दिसतात. एक ब्रेकचा, एक क्लचचा. पेडलवरून आत जाणारा दांडा बघून ब्रेकचा कोणता ते नक्की करा. हसू नका, क्लचच्या डब्यात ऑइल भरत बसलेले आणि ब्रेकचा डबा कोरडा पडलेला, असं मी पाहिलं आहे. एकदा डबा रिकामा होऊन मास्टरमध्ये हवा शिरली की सगळं काम पहिल्यापासून.

उजव्या स्टीअरिंगच्या गाडीत मास्टर उजवीकडे असतो, म्हणून क्रम असा धरतो: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. सगळ्यात लांबचा पाइप आधी, म्हणजे जुनं तेल आणि हवा जवळच्या धुतलेल्या पाइपात परत येत नाही. बूस्टर असेल तर इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा आणि त्यातला व्हॅक्यूम संपवा.

निपल जपून उघडा. जुन्या ब्रिटिश गाड्यांत तो बहुधा ७/१६ इंचाचा असतो, म्हणजे ११.११ मिलिमीटर. आपला ११ चा पाना घट्ट बसतो किंवा बसतच नाही, आणि १२ चा लावला की कोपरे जातात. सहा कोनांचा इंची सॉकेट आणा. आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल टाकून ठेवा, सकाळी निपलच्या डोक्यावर छोट्या हातोडीने चार-पाच हलक्या टिचक्या द्या, आणि सोडण्याआधी किंचित आवळायच्या दिशेने हलवा. तरी जाम असेल तर निपलच्या भोकात बसेल अशा ड्रिल बिटचा गुळगुळीत मागचा भाग आत सरकवून मग पाना लावा. निपल आतून पोकळ असतो. भोकात पोलाद असलं की तो चेपून तुटत नाही. एका गाडीत असा तुटलेला निपल काढायला मला आख्खा दिवस लागला होता, शेवटी व्हील सिलेंडरच बदलला.

नळीसाठी मोटरसायकलचा पारदर्शक पेट्रोल पाइप घ्या, हातभर. एक टोक निपलवर घट्ट, दुसरं काचेच्या बाटलीत, आणि बाटलीत आधीच दोन बोटं ताजं ऑइल घालून नळीचं तोंड त्यात बुडवलेलं. नळी निपलपासून आधी वर नेऊन मग खाली वळवा, म्हणजे बुडबुडे वर चढून दिसतात आणि निपलजवळ तेल उभं राहतं.

आता पेडलवर आई. इथेच बहुतेक घरी गडबड होते, कारण खाली झोपलेल्याला पेडल दिसत नाही आणि वर बसलेल्याला निपल. शब्द आधीच ठरवून घ्या. तुम्ही निपल उघडून ‘दाब’ म्हणाल, आई सावकाश दाबेल आणि पेडल खाली ठेवलेल्या लाकडी ठोकळ्याला टेकलं की ‘टेकलं’ म्हणेल. मग तुम्ही निपल आवळाल, आवळून झाल्यावरच ‘सोड’ म्हणाल, आणि आई पाय हळूच वर घेईल. ‘टेकलं’ ऐकल्याशिवाय निपल बंद करायचा नाही, ‘सोड’ ऐकल्याशिवाय पाय हलवायचा नाही. धपाधप पंप मारू नका. त्याने मोठा बुडबुडा फुटून शंभर बारीक होतात आणि ते निघायला वेळ लागतो. दर पाच दाबांनंतर डबा बघा.

ठोकळा म्हटलं, तो कशासाठी तेही सांगतो, कारण या एका चुकीने माझ्या हातून एक मास्टर सिलेंडर गेला आहे. गाडी वर्षानुवर्षं चालते तेव्हा पिस्टन बोअरच्या वरच्या भागातच फिरतो. खालच्या भागात तो कधी जात नाही, तिथे ओल आणि गंज साठतो, पृष्ठभाग खरखरीत होतो. हवा काढताना पेडल फ्लोअरपर्यंत दाबलं की रबराची नाजूक कड त्या खरखरीत जागेवरून घासत जाते. सुरुवातीच्या वर्षांत मी एका बरीच वर्षं उभ्या गाडीची हवा अशीच काढली, पेडल तळाला लावून. संध्याकाळी पेडल सुंदर होतं. सकाळी मालक गाडी न्यायला आला, अंगणातच पहिला ब्रेक मारला, आणि पेडल तळाला गेलं. रबराची कड फाटली होती. रस्त्यावर झालं असतं तर काय, हा विचार आजही मला नको वाटतो. तेव्हापासून पेडलखाली दीड-दोन इंचांचा लाकडी ठोकळा ठेवल्याशिवाय मी कुठल्याच जुन्या गाडीची हवा काढत नाही. तुम्ही चार फेऱ्या ठोकळ्याशिवाय केल्या असतील, तर पेडल मिनिटभर धरून ते सरकतं का, हे मुद्दाम बघा. सरकत असेल आणि बाहेर कुठेही ओल नसेल, तर मास्टरचं रबर गेलं असं समजा. बोअरमध्ये बोटाला खाचा लागल्या तर रबर किट टाकून उपयोग नाही, मास्टर नवा घ्या.

माणूस कमी असेल तर एक संथ पद्धत आहे आणि मला ती आवडते. डबा भरा, झाकण सैल ठेवा, मागच्या डाव्या चाकाचा निपल उघडा, नळी बाटलीत सोडा आणि थेंब-थेंब गळू द्या. वीस-पंचवीस मिनिटं प्रत्येक चाकाला. तेल आपल्या वजनाने खाली येतं, हवा सोबत निघते, रबरावर काहीच ताण पडत नाही. फक्त डब्यावरून नजर हटवायची नाही. व्हॅक्यूम पंपाबद्दल एवढंच, की तो निपलच्या आट्यांमधूनही बाहेरची हवा ओढतो. नळीत बुडबुडे येतच राहतात आणि आत हवा आहे असं वाटत राहतं. तुमच्यासारख्या आधीच गोंधळलेल्या कामात तो गोंधळ वाढवेल.

ऑइलबद्दल. डॉट ५ म्हणजे सिलिकॉनचं ऑइल. ते रंगाला इजा करत नाही आणि पाणी शोषत नाही, हे खरं. पण ते डॉट ३, डॉट ४ मध्ये मिसळत नाही. सगळी रबरं नवी, पाइप आतून कोरडे, असं पूर्ण काम केलं तरच त्याचा विचार करावा. शिवाय त्यात बारीक हवा धरून राहते आणि पेडल थोडं मऊ लागतं. तुमच्या पाइपात डॉट ३ किंवा ४ गेलेलं आहे, त्यामुळे नको. डॉट ४ घ्या. कोरडं असताना ते किमान २३० अंशांवर उकळतं, डॉट ३ किमान २०५ वर. त्यात ३.७ टक्के पाणी शिरलं की हीच मर्यादा डॉट ४ ची १५५ आणि डॉट ३ ची १४० वर येते. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४५ अंश असतं, आणि जून ते सप्टेंबर हवेत ओल. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना सलग ब्रेकवर पाय राहतो. तिथे पाणी शोषलेलं तेल उकळलं तर पाइपात वाफ होते आणि पेडल खाली जातं. म्हणून उघड्या डब्यातलं सुटं ऑइल घेऊ नका, सीलबंद छोट्या बाटल्या घ्या, आणि उरलेली अर्धी बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. मी दर दोन वर्षांनी तेल बदलतो.

आणखी एक, आणि हे खेड्यात सर्रास होतं: ब्रेकचे भाग पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेलने धुवायचे. कृपा करून असं करू नका. खनिज तेलाचा अंश राहिला तरी आतली रबरं फुगतात आणि महिनाभरात चाकं जाम होतात. त्याच डॉट ४ ने किंवा स्पिरिटने धुवा. इंजिन ऑइलचा हातसुद्धा ब्रेकच्या डब्याला लागू देऊ नका. उलट ब्रेक ऑइल गाडीच्या रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाणी ओता, पुसत बसू नका. रंग सालीसारखा निघतो. निघालेलं जुनं ऑइल पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवू नका. ते विषारी आहे, दिसायला मधासारखं, आणि घरात लेकरं असतात. विहिरीजवळ, धुऱ्यावर ओतू नका. झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या, तो जळक्या ऑइलबरोबर पाठवतो.

तर या रविवारी तुमचं काम असं: आधी हँडब्रेक ओढून पेडल बघायचं. वर आलं तर मागचं ॲडजस्ट, बस. नाही आलं तर क्लॅम्पने चाक शोधायचं, होज आणि निपलची जागा बघायची, आणि मग ठोकळा लावून एकदाच हवा काढायची.

झालं की लगेच रस्त्यावर जाऊ नका. इंजिन चालू ठेवून पेडलवर जोराने मिनिटभर पाय धरा, आणि तोवर दुसऱ्याला चारही चाकांच्या आतल्या बाजूने, सांध्यांवरून कोरडं कापड फिरवायला सांगा. कापड ओलं झालं नाही तरच पुढे. मग गाडी शेडमध्ये रात्रभर राहू द्या. सकाळी इंजिन चालू करण्याआधी पहिला दाब द्या. तो काल संध्याकाळच्या जागीच थांबला पाहिजे. नंतर वावराच्या मोकळ्या रस्त्यावर, बैलगाडीच्या वेगाने, एका हाताने हँडब्रेक धरून पाच-सहा ब्रेक मारा. गाडी एका बाजूला ओढते का बघा. दोन-तीन किलोमीटर फिरवून आलात की चारही चाकांच्या मधोमध हाताचा मागचा भाग जवळ न्या. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असेल तर तिथला शू किंवा पॅड धरून राहतोय. मागचं असेल तर ॲडजस्टर आणखी एक टक मागे घ्या, चारही तापली असतील तर मास्टरच्या दांड्याला पिस्टनपाशी थोडी मोकळी जागा आहे का ते तपासा.

हँडब्रेक ओढल्यावर पेडलचं काय झालं ते मला नक्की लिहा, आणि जमलं तर बॉनेटखालच्या दोन्ही मास्टर सिलेंडरचा एक फोटो पाठवा.